चारही पाय थंड होते

अण्णा लोडावर बसले, दोन्ही गुडघे आत आवळले आणि म्हणाले, “तू फक्त मोज.”

त्यांच्या उजव्या हातात माझी लाकडी पट्टी होती. डावी मांडी कमरेपासून गुडघ्यापर्यंत काळीनिळी पडली होती, त्यामुळे जमिनीवर बसणं जमत नव्हतं. म्हणून लोड कॉटवर ठेवला होता. ते पुढे वाकले, डाव्या मुठीत नसलेला लगाम धरला आणि डोळे मिटून घेतले.

“चारशेचा खांब,” ते म्हणाले. म्हणजे रेस संपायला चारशे मीटर राहिले. पट्टी लोडावर बसली.

“एक,” मी म्हणाले.

“डावीकडून काळा घोडा येतोय. मान बरोबरीला.”

“दोन. तीन.”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “अहो, फाटेल तो लोड. दिवाळीला भरून आणलाय.”

“घोडी मेली, तिथं लोडाचं काय घेऊन बसलीस,” अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

“चार. पाच. सहा.”

सहाव्या फटक्यानंतर पट्टी वरच थांबली. अण्णांची मान किंचित डावीकडे कलली, कुणी हळूच हाक मारल्यावर कलते तशी. मी वाट पाहिली. मग त्यांनी हात खांद्याच्या वर नेला आणि एकापाठोपाठ एक पाच फटके मारले. लोडाच्या शिवणीतून कापूस उडाला.

“अकरा,” मी म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. “रेसच्या फिल्ममध्येही अकराच आहेत. म्हणजे मला बरोबर आठवतंय.”

ही ऑगस्ट अठ्ठ्याण्णवमधली गोष्ट. माझे वडील निवृत्ती शेडगे जॉकी होते. रेसच्या पुस्तकात त्यांचं नाव ‘एन. शेडगे’ असं छापलेलं असे. त्या सीझनपासून क्लबनं चाबकाचा नियम कडक केला होता. शेवटच्या सरळ पट्ट्यात जास्तीत जास्त आठ फटके, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, आणि घोडा जायबंदी झालाय हे कळल्यावर चाबूक लावायचाच नाही. पहिले दोन नियम बहुतेक जॉकी कधी ना कधी मोडत आणि दोन-तीन रेसदिवस घरी बसत. तिसऱ्या नियमाला पुस्तकात ‘क्रूरता’ असा शब्द होता. ते पुस्तक इंग्रजीत होतं. आमच्या घरात ते मी वाचलं होतं.

रविवारच्या पाचव्या रेसमध्ये अण्णा कॉपर मून नावाच्या तांबूस फिलीवर, म्हणजे तरण्या घोडीवर होते. ती पुढे होती. जिंकायच्या खांबाला साठ मीटर राहिले असताना तिचा पुढचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. अण्णा फेकले गेले. माणसांनी तिच्याभोवती हिरवा पडदा धरला आणि तो काढला तेव्हा घोडी ताडपत्रीखाली होती. शुक्रवारी स्टुअर्डांपुढे, म्हणजे क्लबच्या पंचांपुढे चौकशी होती. जॉकीनं आपलं म्हणणं इंग्रजीत टाइप करून द्यायचं असे. मी एम. ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला होते.

“आता वही घे,” अण्णा म्हणाले. ते लोडावरून उतरले आणि कॉटवरच भिंतीला टेकून बसले. आईनं गरम मिठाची पुरचुंडी आणून त्यांच्या मांडीवर ठेवली. ते सांगत गेले आणि मी मराठीतच लिहून घेत गेले. सुरुवात कशी झाली, वळणावर जागा कशी मिळाली, पहिला चाबूक कुठे लावला. सहाव्या फटक्यापाशी ते पुन्हा थांबले.

“लिही. अडीचशेच्या खांबाच्या आसपास घोडीचा डावा पाय चुकला. मला ते कळलं. कळल्यावरही मी पाच फटके मारले.”

मी पेन उचलून धरलं. “हे लिहायचं?”

“का? याचं इंग्रजी येत नाही तुला?”

“येतं. पण लिहायचं का?”

“बाकी सगळं फिल्ममध्ये दिसतंय, वैजू. एवढंच दिसत नाही. तेच नाही सांगितलं तर कागद कशाला द्यायचा?”

“कळलं होतं तर थांबवलं का नाही?”

अण्णांनी पुरचुंडी मांडीवरून उचलली, दुसऱ्या हातात घेतली. “जिंकत होतो,” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, “वाटलं, तेवढं पोचेल.”

आत पोळ्या लाटायचा आवाज बंद झाला होता. “आणि लायसनचं काय?” आई तिथूनच म्हणाली.

अण्णांनी त्या वर्षी ट्रेनरच्या लायसनसाठी अर्ज केला होता. पंचेचाळीस वर्षांचे होते, कमरेचं हाड दोनदा तडकलं होतं, वजन राखण्यासाठी आठवड्यातले चार दिवस ते एक भाकरी आणि ताकावर काढत. मुलाखत सप्टेंबरात होती, याच स्टुअर्डांपुढे. क्रूरतेचा शेरा पडलेल्या जॉकीला ते घोडे सांभाळायला देणार नव्हते.

“बघू,” अण्णा म्हणाले.

“बघू म्हणजे काय? तेवीस वर्षं दर रविवारी मी दुपारभर फोनकडे पाठ करून बसते. आता कुठं तुम्ही जमिनीवर उभं राहून चार पैसे कमवायची वेळ आली—”

“दगडूनंही तेवीस वर्षं घोडीच चारलीत.”

“दगडूभावजींचा काय संबंध?”

“मी नाही बोललो तर सगळं त्याच्यावर जातंय.” अण्णा माझ्याकडे वळले. “लिहिलंस?”

“लिहिते,” मी म्हणाले आणि लिहिलं. त्या वहीत ती तीन वाक्यं अजून आहेत.

दगडू खिलारे त्या घोडीचे सईस. खरारा, चंदी, पाणी, तिच्या शेजारच्या खोलीत झोपणं, सगळं त्यांच्याकडे. अण्णांच्याच गावाकडचे, दोघं एकाच वर्षी घोड्यांत आले होते, फक्त अण्णा हलके होते म्हणून पाठीवर गेले आणि दगडूमामा खाली राहिले. कॉपर मूनला ते बकुळा म्हणत. रोज पहाटे सईसानं घोड्याचे चारही पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत हातानं चाचपायचे आणि ट्रेनरला सांगायचं: पाय थंड आहेत. एखादा पाय किंचितही गरम लागला तर आत काहीतरी बिघडलंय, त्या घोड्याला पळवायचं नाही. याला ना कागद, ना सही. सईसाचा तळहात आणि त्याचा शब्द.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. दारातच पायरीवर बसले. आईनं चहा पुढे केला तर कप हातात धरून ठेवला, प्यायले नाहीत.

“घोड्यांचा डागदर म्हनतोय पाय सकाळीच गरम आसनार,” ते अण्णांना म्हणाले. “म्हनं, म्या लपीवलं. ट्रेनरसायबांनी बी सांगून टाकलं, सईस बोलला थंड, मी इस्वास ठेवला. आता तुमी सांगा दादा, गरम पाय मला कळत न्हाई व्हय?”

“तुला नाही कळणार तर कुणाला कळणार.”

“साडेचारला उठून चाचपलंय तिला. नळी थंड, खूर थंड. चारी पाय.” त्यांनी कप खाली ठेवला आणि आपला उजवा तळहात अण्णांपुढे धरला, जणू त्यावर अजून काही दिसेल.

“पाय पळताना गेला, दगडू,” अण्णा म्हणाले. “अडीचशेच्या खांबाला. मला कळलं होतं.”

दगडूमामांनी हात मागे घेतला. ते समोरच्या गल्लीकडे वळले.

“आन् तुमी मारत ऱ्हायलात.”

“हो.”

“किती?”

“पाच.”

“हां,” दगडूमामा म्हणाले. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “चांगली व्हती. दात कधी कुनाला लावला न्हाई तिनं.” मग टोपी परत डोक्यावर घातली. “ह्ये आत सांगनार का?”

“सांगतो. लिहून झालंय. वैजूनं लिहिलंय.”

ते माझ्याकडे वळले. “विंग्रजीत?”

“उद्या करते, मामा.”

“मग जमलं. बकुळा बी विंग्रजीच व्हती. एवढ्या शिव्या घातल्या तिला, एक कळली न्हाई.”

रविवारनंतर आमच्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं. दगडूमामा गार झालेला चहा एका घोटात पिऊन गेले.

गुरुवारी सकाळी मी टायपिंगच्या क्लासात बसून दोन कार्बन लावून तो कागद टाइप केला. दुपारी अण्णांनी सही केली. त्यांना इंग्रजी रेसच्या पुस्तकापुरतं यायचं: वजन, अंतर, घोड्यांची नावं. कागद उलटसुलट करून त्यांनी पाहिला, सही कुठे करायची ते विचारलं. “वाचून दाखवू का?” मी म्हणाले. “तू वाचलंयस ना,” अण्णा म्हणाले.

चौकशीची खोली क्लबच्या मुख्य इमारतीत वरच्या मजल्यावर होती. खिडकीतून सगळा ट्रॅक दिसायचा. लांब टेबलामागे तीन स्टुअर्ड, मधे कर्नल सेठना. बाजूला क्लबचे पशुवैद्य आणि कोपऱ्यात टीव्ही. जॉकीला भाषेच्या मदतीसाठी एक माणूस आत नेता येत असे. बहुतेक जण एखाद्या ट्रेनरला नेत. अण्णांनी मला नेलं. त्यांनी लग्नातला पांढरा शर्ट घातला होता. मला खुर्ची मिळाली. ते उभे राहिले. जॉकीनं उभं राहायचं असे. आम्ही आत जाताना दगडूमामा बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांना मागून बोलावणार होते.

फिल्म तीनदा लावली. आवाज नव्हता. दुरून, उंचावरून काढलेली. तिच्यात अण्णा अंगठ्याएवढे दिसत होते. कर्नल पेन्सिलीनं कागदावर रेघा मारत मोजत होते. अकरा रेघा झाल्या. शेवटच्या पाचांना हात वर गेलेला तिघांनीही पाहिला. सहाव्या आणि सातव्याच्या मध्ये, जिथं अण्णांची मान कलायला हवी होती, तिथं काहीच दिसलं नाही. अण्णा म्हणाले होते तसंच.

मग पशुवैद्यांनी अहवाल वाचला. असा अस्थिभंग बहुधा आधीपासून दुखावलेल्या पायात होतो, सकाळच्या तपासणीत उष्णता जाणवायला हवी होती, असं त्यात होतं. बहुधा हा शब्द त्यांनी स्पष्ट उच्चारला.

त्यानंतर कर्नलनी माझा कागद उचलला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. आवाज भारदस्त होता. माझी वाक्यं त्या आवाजात फार चांगली वाटत होती. अण्णा हात मागे बांधून ऐकत होते. सगळे शब्द त्यांना कळत नव्हते. पण मध्ये येणारे खांबांचे आकडे ते पकडत होते. चारशे आला तेव्हा त्यांनी मान हलवली. मग कर्नल पुढे गेले, शेवटी घोडीबद्दल खेदाची दोन वाक्यं होती ती वाचली आणि कागद खाली ठेवला. अडीचशेचा आकडा आला नव्हता. अण्णा अजून त्याची वाट पाहत असल्यासारखे उभे होते.

“फार नीट मांडलंय,” कर्नल इंग्रजीत इतरांना म्हणाले आणि अण्णांकडे वळले. “किसने लिखा?”

“मुलीनं, साहेब. मेरी लडकी.” त्यांनी माझ्याकडे हात केला.

“शाबास.” कर्नलनी माझ्याकडे पाहून मान तुकवली. मग त्यांनी चष्मा लावला आणि कागदावर एके जागी बोट ठेवलं. “शेडगे, इसमें तुम लिखता है, गिरने तक घोडी में कुछ भी फरक मालूम नहीं पडा. ये बराबर है?”

त्या तीन वाक्यांच्या जागी मी एक वाक्य टाइप केलं होतं. पडण्याच्या क्षणापर्यंत घोडीच्या चालीत मला काहीही वेगळं जाणवलं नाही. दहाही बोटांनी, कुठेही न अडखळता. मला वाटलं होतं, वैद्यांचं म्हणणं सिद्ध व्हायचं नाही, दगडूमामांना फार तर ताकीद मिळेल, आणि अण्णांना कधी कळणारही नाही. मी एकवीस वर्षांची होते आणि मला चांगलं लिहिता येत होतं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आश्चर्यानंही नाही. पळत्या घोड्यावर असताना ते दोन घोड्यांमधली फट पाहत असत, जाता येईल की नाही हे ठरवायला, तसं पाहिलं. तीन सेकंद असतील. मी मान खाली घातली.

“शेडगे?”

“जी, साहेब,” अण्णा म्हणाले. “बराबर है.”

“पक्का?”

“जी.”

दगडूमामांना आत बोलावलं. त्यांनी दारातच चपला काढल्या. वैद्यांनी विचारलं, त्यांनी सांगितलं: चारही पाय थंड होते. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते अण्णांकडे वळून म्हणाले, “ह्यांना इच्यारा की. ह्ये वर व्हते.”

“उनका हो गया,” कर्नल म्हणाले.

निकालाला दहा मिनिटं लागली. अण्णांना फटक्यांची संख्या आणि वर गेलेला हात यांबद्दल तीन रेसदिवस बंदी. सईस दगडू खिलारे यांनी तपासणीत हयगय केली, सबब त्यांचा तबेल्याचा परवाना रद्द.

जिना उतरून आम्ही मागच्या पोर्चमध्ये आलो. दगडूमामा आधीच खाली येऊन उभे होते. परवान्याचा पितळी बिल्ला वर कारकुनानं काढून घेतला होता. शर्टावर पिनेची दोन भोकं दिसत होती.

“आयकलं न्हाई व्हय त्यांनी?” त्यांनी अण्णांना विचारलं. “तुमी सांगितलंत तरी?”

अण्णांची नजर त्या दोन भोकांवर होती.

“दादा. सांगितलं न्हवं?”

“नाही,” अण्णा म्हणाले.

“म्हंजी?”

“नाही सांगितलं.”

“लिवलं व्हतं की. ही बोलली.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तोंड उघडलं असेल. अण्णा अर्धं पाऊल पुढे झाले, त्यांचा खांदा माझ्यापुढे आला. “तिनं मी सांगितलं तेवढंच लिहिलं,” ते म्हणाले. “मी तो मजकूर काढायला लावला. मला धीर झाला नाही, दगडू. लायसन डोळ्यांपुढं होतं.”

एवढ्या वेळात मी बोलू शकले असते. ट्रॅकवर कुणीतरी पाण्याचा टँकर फिरवत होतं. त्याचा आवाज जवळ आला आणि दूर गेला. मी बोलले नाही.

दगडूमामांनी अण्णांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, विकत घ्यायचा घोडा पाहतात तसं. “लायसन,” ते म्हणाले. “घ्या मग. घ्या लायसन.” चपला हातातच होत्या. त्या खाली टाकून त्यांनी पायात सरकवल्या आणि ते तबेल्याकडे वळले. मग काही आठवल्यासारखे थांबले, उलट दिशेला वळून मोठ्या फाटकातून बाहेर पडले.

“अण्णा,” मी म्हणाले.

“स्कूटर तू चालव,” अण्णा म्हणाले. “माझी मांडी ठणकतेय.”

घरी आई दारातच होती. “तीन दिवस,” अण्णांनी तिला सांगितलं. “लायसनला धोका नाही.” तिनं देवापुढे साखर ठेवली. त्यांनी ती चिमूटभर खाल्ली.

ऑक्टोबरात लायसन आलं. अण्णांनी एकवीस वर्षं घोडे तयार केले. नाव झालं. पुढे मी वाचल्या तेवढ्या आत्मचरित्रांत माणसं अशा प्रसंगानंतर बदलतात. अण्णा बदलले नाहीत. ते पूर्वीसारखेच पहाटे उठत, आईची थट्टा करत, माझ्या लग्नात नाचले, माझ्या मुलाला खांद्यावर घेऊन पॅडॉकभर फिरले. दोनच गोष्टी वेगळ्या झाल्या. त्यांच्या तबेल्यात सईसानं पाय चाचपल्यानंतर ते स्वतः वाकून पुन्हा चाचपत, एकेका घोड्याचे चारही, कंबर धरून उठत आणि मग मोठ्यानं म्हणत, “मी पाहिलेत. थंड आहेत. माझ्या नावावर.” आणि इंग्रजीतला एकही कागद त्यांनी मला परत लिहायला दिला नाही. अर्ज, खुलासे, बँकेची पत्रं, सगळं ते शेजारच्या पोस्टमास्तरांकडून लिहून आणत. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. पोस्टमास्तरांना त्याचं नवल वाटे.

लायसन मिळाल्यावर ते तीनदा दगडूमामांच्या गावी जाऊन आले. माझ्याकडे ये, क्लबशी मी बोलतो, असं सांगायला. परवान्यावाचून दगडूमामांना कुठलाच तबेला घेत नव्हता. ते साखर कारखान्याच्या गाडीतळावर बैलांना पाणी पाजायचं काम करत होते. तिन्ही वेळा ते घरात असून बाहेर आले नाहीत. तिसऱ्या वेळेला अण्णा परत आले तेव्हा आईनं विचारलं, “काय म्हणाले?” अण्णा म्हणाले, “त्याचं बरोबर आहे.”

गेल्या फेब्रुवारीत अण्णा गेले. बहात्तरावं लागलं होतं. शेवटचे नऊ दिवस ते दवाखान्यात होते आणि मी जवळ होते. बोलायला वेळ होता. सातव्या दिवशी मी त्यांना म्हणाले, “अण्णा, तो कागद...” त्यांनी डोळे मिटूनच माझ्या मनगटावर थोपटलं, घोडं बुजलं की त्याच्या मानेवर थोपटतात तसं, आणि पाणी मागितलं. मी पाणी दिलं. पुन्हा विषय काढला नाही.

क्लबची माणसं आली, जुने जॉकी आले, सईस आले. एकेकाळी घोड्यांत असलेलं गावाकडचं एकेक माणूस आलं. दगडूमामांना निरोप मिळाल्याचं त्यांच्यातल्याच एकानं मला सांगितलं. “म्हातारा म्हनला, माझं त्याचं काय ऱ्हायलं न्हाई.”

दिवसकार्य झाल्यावर मी एकटी त्यांच्या गावी गेले. फलटणच्या पुढे, कालव्याच्या कडेला घर होतं. दगडूमामा ओट्यावर बसून शेळीच्या करडाला बाटलीनं दूध पाजत होते. पाठीत वाकले होते. मी नाव सांगितलं तेव्हा त्यांनी बाटली काढली नाही.

“निवृत्तीची पोर.”

“हो, मामा.”

“आयकलं म्या.” करडू ओढत होतं, बाटलीत बुडबुडे येत होते. “लई तरास झाला का?”

“शेवटी नाही झाला.”

“बरं झालं.” त्यांनी मला बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं. लोडाचं, अकरा फटक्यांचं, वहीतल्या तीन वाक्यांचं, टायपिंगच्या क्लासाचं. पर्समधून वही काढली. त्यांना वाचता येत नव्हतं. तरी मी ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. अण्णांनी काढायला लावलं नव्हतं, मी काढलं, मी बदललं. आत साहेबांनी विचारलं तेव्हा ते हो म्हणाले, कारण नाही म्हणाले असते तर मी खोटी ठरले असते. पोर्चमध्ये ते तुमच्याशी खोटं बोलले. मी शेजारी उभी होते.

माझं बोलणं संपलं. करडाची बाटली रिकामी झाली होती, ते नुसतीच चोखत होतं.

“म्हंजी त्यांनी सांगितलं व्हतं,” दगडूमामा म्हणाले.

“हो.”

“लिवून दिलं व्हतं. पाच मारलं, ह्ये बी?”

“तेही. त्यांच्याच शब्दांत आहे हे.”

त्यांनी वहीच्या पानावर तळहात ठेवला. सगळा पंजा, बोटं पसरून. तसाच ठेवला थोडा वेळ. मग करडाला मांडीवरून खाली सोडलं, खांबाला धरून उठले आणि घरात तोंड करून हाक मारली, “अगं ए! आयकलंस का? निवृत्तीदादानं सांगितलं व्हतं. लिवून दिलं व्हतं त्यानं.”

आतून म्हातारीचा आवाज आला, “काय वो?”

“त्यानं सांगितलं व्हतं गं! पयल्या दिशीच सांगितलं व्हतं.” त्यांचा आवाज फाटला. म्हातारी हात पुसत दारात आली तेव्हा ते ओट्याच्या कडेला उभं राहून डोळ्यांवर टोपी दाबून धरत होते.

मी वही मिटली. मला वाटत होतं, आता ते मला काहीतरी बोलतील, त्यासाठीच मी आले होते. त्यांनी टोपी खाली घेतली, ती झटकली, घडी केली, पुन्हा उलगडली.

“महिन्यापूर्वी आली असतीस,” शेवटी ते म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते, कालव्याकडे पाहत होते. “मातीला आलो असतो म्या.”